वर्तुळातला ठिपका

मी मुळातच भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कुवेतमध्ये शिकारीच्या सामानाच्या दुकानात सोळा वर्षं नोकरी केली म्हटलं, की लोक माझ्याकडे जरा दबकूनच बघायला लागतात. कोल्हापूरला गेलो की मेव्हणा चारचौघांत ओळख करून देतो, "आमचं दाजी, तिकडं रायफली इकत्यात." खरं म्हणजे मी रायफली कधीच विकल्या नाहीत. रायफलीवर बसवायच्या साइट विकल्या, म्हणजे नेम धरायच्या काचा. त्या सोळा वर्षांत स्वतः एकही गोळी झाडली नाही. कुणी जवळपास झाडली तर गच्च डोळे मिटून घ्यायचो, आणि ग्राहकाला मात्र ऐटीत सांगायचो, दोन्ही डोळे उघडे ठेवा.

दुकान शहराबाहेर राई नावाच्या भागात होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला वाळवंटातल्या सहलींचे तंबू विकणारा, आणि मध्ये आम्ही. पुढच्या भागात दुर्बिणी, गालिचे, कंदील, बाज पक्ष्याच्या डोक्यावर घालायच्या चामड्याच्या टोप्या. मागच्या बाजूला काचेची एक खोली होती, ती माझी. ग्राहक आपली परवान्याची रायफल घेऊन यायचा, दारातच तिचा बोल्ट काढून घेतला जायचा, मग ती माझ्या टेबलावर यायची. बोल्ट नसलेली रायफल म्हणजे नुसता लोखंडी पाइप, हे मला डोक्याने कळत होतं. पोटाला ते कधीच पटलं नाही. नळीच्या समोरून जायची वेळ आली की मी अख्ख्या टेबलाला वळसा घालून जायचो, आणि हे बघून मालक फैसल दर वेळी तितकाच हसायचा.

मी मुळात चष्म्याच्या धंद्यातला. कोल्हापुरात नऊ वर्षं एका दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले, मग कुवेतला चष्म्याच्याच दुकानात आलो. ते दुकान बंद पडलं तेव्हा फैसलने विचारलं, "तुला काचेतलं कळतं ना? मग ये इकडे." मी गेलो, कारण इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की तो सुटतो आणि त्याच्या मागोमाग घर, मुलीची शाळा, सगळंच सुटतं. रिग्गईतल्या आमच्या दोन खोल्यांत रात्री जेवताना बायको आणि मी ज्या विषयावर सगळ्यांत कमी बोलायचो तो हा.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो. जुन्या रायफलीवर नेम धरायचा तर मागची खाच, पुढचा लोखंडी दाणा आणि निशाण अशा तीन गोष्टी डोळ्यांनी एका ओळीत आणाव्या लागतात. चाळिशीनंतर डोळ्यांना हे जड जातं. रेड डॉटमध्ये ही कसरत नाही. छोटीशी चौकट, तिच्यात मोहरीएवढा लाल दिवा, समोर तिरकी काच. दिव्याचा उजेड काचेवरून परत आपल्या डोळ्यात येतो आणि वाटतं, लांबच्या निशाणावरच लाल ठिपका पडलाय. प्रत्यक्षात तिथे काहीच पडत नाही. तो ठिपका बघणाऱ्याखेरीज कुणालाही दिसत नाही. ही वस्तू हलकी असते, सोपी असते आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालते.

दुसरी जात होलोग्राफिकची. तिच्यात लेझरच्या उजेडाने काचेत आधीच कोरून ठेवलेलं चित्र डोळ्यासमोर उभं राहतं: एक मोठं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध बारीक ठिपका. वर्तुळ मोठं असल्यामुळे नजर त्यात पटकन जाते. पण ती महाग, वजनाला जास्त, आणि बॅटरी खाते. ग्राहक विचारायचे, "दोघांतली चांगली कोणती?" मी उलट विचारायचो, "तुम्हाला चष्मा आहे का?" यावर निम्मे लोक चिडायचे. बंदूक खांद्याला लावणाऱ्या माणसाला चष्म्याचं विचारणं म्हणजे जणू त्याच्या बापजाद्यांवरच घसरणं.

एक तेल कंपनीतला इंजिनियर होता. त्याने एकामागून एक तीन रेड डॉट परत आणून टेबलावर आपटल्या. म्हणे, ठिपका फुटलेला आहे, शेपट्या फुटल्यात त्याला. मी बघितलं तर ठिपका स्वच्छ गोल. मग मी त्याला कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हटलं, जे दिसतंय ते काढा. त्याने घामाने ओघळलेल्या टिकलीसारखं काहीतरी काढलं. दोष साइटमध्ये नव्हता, त्याच्या बुबुळाला तिरका नंबर होता. अशा डोळ्याला होलोग्राफिक बहुतेक वेळा बरी दिसते. त्याला ती दिली, आणि नवा चष्माही करायला सांगितला. महिन्याने तो खजुराचा डबा घेऊन आला.

तेव्हापासून फैसलने नियमच केला, की साइट विकण्याआधी ग्राहकाकडून काचेतलं चित्र काढून घ्यायचं आणि तो कागद परवान्याच्या नंबरासह फायलीत लावायचा. आमच्याकडच्या प्रत्येक साइटची नोंद असायची, केव्हाही तपासणी यायची, आणि अधिकारी ती फाइल चाळताना माझ्या तळहाताला घाम फुटायचा. पण खोटं कशाला बोलू, त्या फायलीचा मला अभिमानही होता. दोनशे-तीनशे माणसांनी आपल्या हाताने काढलेले ठिपके होते तिच्यात. एका नजरेत सांगू शकायचो, कुणाच्या डोळ्याचं काय बिघडलंय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

फैसलचे काका, बू सालेम. पंचाहत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना हाजी म्हणायचे, मीही. दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणजे कागदोपत्री माझे कफील, तिथल्या कायद्याने माझी जबाबदारी घेणारे, तेच. माझ्या इकाम्यावर सही त्यांची. लहानपणी त्यांची काही वर्षं मुंबईत गेलेली, वडिलांचा तिथं मोत्यांचा आणि खजुरांचा व्यापार होता. त्यामुळे ते माझ्याशी हिंदीत बोलायचे, तेही जुन्या मुंबईच्या हिंदीत. मी चष्म्याच्या दुकानातून आलो म्हणून मला डॉक्टर म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

ऑक्टोबरमध्ये, थंडीचा मोसम सुरू व्हायच्या आधी, ते आपली पॉइंट टू-टू रायफल घेऊन आले. बरोबर त्यांच्या दिवाणियातले पाचजण. दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. तिथं जे बोललं जातं ते दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाला ठाऊक असतं. हाजींच्या नेमाच्या गोष्टी तिथं तीस वर्षं सांगितल्या जात होत्या. पाचही जण माझ्या काचेच्या खोलीत दाटीवाटीने बसले, गहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, पेले फिरले, आणि हाजी म्हणाले, "डॉक्टर, सामने का दाना अभी दिखता नहीं. नया आँख लगा दे बंदूक को."

मी आधी रेड डॉट पुढे केली. हलकी रायफल, हलकी साइट, हिशेब सरळ होता. हाजींनी डावा डोळा मिटला, उजवा काचेला लावला.

"बत्ती बंद है."

मी बघितलं. दिवा चालू होता. उजेड वाढवून परत दिली.

"बंद है रे."

मी अगदी शेवटपर्यंत वाढवला. एवढा, की मला तो डोळ्यात टोचला. हाजींनी परत बघितलं, आणि मग त्यांनी हनुवटी हळूच डावीकडे वळवली. "हाँ, आया," म्हणाले. मान सरळ केली. "गया."

कोल्हापुरात आमच्याकडे चौकड्यांचा एक तक्ता होता, मध्ये काळा ठिपका. म्हाताऱ्या माणसाला एका डोळ्याने त्या ठिपक्याकडे बघायला सांगायचं. "ठिपका कुठाय?" असं कुणी विचारलं, की आमचे दुकानमालक चष्मा विकायचं बंद करून त्या माणसाला त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात धाडायचे. हा नंबराचा प्रश्न नसतो. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध काहीतरी झालेलं असतं, आणि तिथं दिवस मोजावे लागतात. हे मला माहीत होतं. दुकानात त्या क्षणी हे माहीत असलेला मी एकटाच होतो.

"दूसरा दिखाओ," फैसल मागून म्हणाला.

मी होलोग्राफिक दिली. हाजींचा चेहरा उजळला. "वा! ये हुई ना बात. गोल दिखता है. एकदम साफ."

"और गोल के अंदर, हाजी?"

"अंदर क्या?"

मी कागद दिला. त्यांनी मन लावून वर्तुळ काढलं, छान गोल. आणि पेन्सिल माझ्या हातात परत दिली. वर्तुळाच्या आत काहीच नव्हतं.

पाचही जण माझ्याकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "काय म्हणतो डॉक्टर? पास?" फैसलला दुसरीकडे जायचं होतं, तो गाडीची किल्ली बोटावर फिरवत होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: हाजी, बंदूक राहू द्या, आधी डोळा दाखवून घ्या. त्या पाचजणांदेखत, कफीलला, त्याच्या पुतण्याच्या दुकानात, त्याने सहीवर ठेवलेल्या माणसाने सांगायचं, की तुला दिसत नाही. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती. मी मान खाली घातली आणि हातातल्या पेन्सिलीने त्या वर्तुळाच्या मधोमध ठिपका दिला. मग कागद फायलीत लावला.

"पास," मी म्हणालो. सगळे हसले. हाजींनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

रेड डॉट दिली असती तर ती त्यांना दिसलीच नसती, आणि गोष्ट तिथंच थांबली असती. मी त्यांना अशी साइट दिली, जिच्यात डोळ्याचा दोष वर्तुळाआड लपला.

घरी येऊन वैशालीला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे त्यांना समोरचं दिसतच नाही?"

"डाव्याने दिसतं. चालायला, गाडीला तेवढं पुरतं. पण नेम धरताना ते डावा मिटतात ना."

"मग उद्या सांग. एकट्याला गाठून सांग."

"उद्या सांगतो."

"तू घाबरलायस."

"उद्या सांगतो म्हटलं ना."

तो उद्या चार महिने आला नाही. एकदा दिवाणियात गेलो, दारात चपला काढल्या, आतून हाजी अरबीत सांगताना ऐकू आले, "माझ्या डॉक्टरने पास केलंय मला," आणि मी तसाच चपला घालून परत फिरलो. एकदा फोन लावला. त्यांनी उचलल्यावर बॅटरीची चौकशी करून ठेवून दिला. दुकानासमोर त्यांची गाडी लागली, की मी आधी बाहेर जाऊन गाडीभोवती फिरून यायचो, उजव्या बाजूला कुठे पोचा आलाय का बघायला. टायरवाल्याला वाटायचं, मला गाड्यांचा शौक लागलाय. अनोळखी नंबरावरून फोन आला की मनात यायचं: कुणीतरी मेलं, आणि पोलीस ती फाइल मागताहेत. हे वाक्य मी मनातल्या मनात अरबीतून, हिंदीतून, मराठीतून इतक्यांदा ऐकलं, की पुढंपुढं ते घडून गेल्यासारखंच वाटायला लागलं. वैशाली आधी रोज विचारायची. मग तिने विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

फेब्रुवारीत हाजींचा फोन आला. गोळ्या भरकटताहेत, साइट सरकली असेल, शेतावर येऊन बघ. त्यांचं शेत दक्षिणेला, खैरानच्याही पुढे आतल्या बाजूला. शेतामागे वाळूचा बांध घालून त्यांनी निशाण लावायची जागा केली होती. ते परवान्यात बसत होतं की नाही हे मी विचारलं नाही. विचारायची माझी हिंमतही नव्हती. मनाशी मात्र पक्कं ठरवलं, की आज तिथं आम्ही दोघंच असू, आज सांगायचंच.

गाडी त्यांनीच चालवली. मी सीटची कड धरून बसलो होतो आणि प्रत्येक ट्रक दिसला की तोंडातल्या तोंडात "हाजी, ट्रक" म्हणत होतो. ते मुंबईच्या आठवणी सांगत होते. गाडीत बोलायला मिळालेला तो तास मी ट्रक मोजण्यात घालवला.

दुपारचे तीन वाजले असतील. ऊन छान होतं, वारा नव्हता. पन्नास मीटरवर लाकडी फळी, मागे बांध. हाजी वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून खुर्चीत बसले, मी शेजारी दुर्बीण घेऊन उभा. पहिल्या तीन गोळ्या फळीच्या कडेला लागल्या, तीन दिशांना. साइट सरकली असती तर तिन्ही एका जागी चुकल्या असत्या. मला ते लगेच कळलं. मी तोंड उघडलं, "हाजी, एक बात—"

"रुक, एक और," ते म्हणाले आणि डावा डोळा मिटून वाकले.

मी दुर्बीण लावली. फळीच्या अलीकडे, जरासा डावीकडे, एक माणूस बसला होता. बांधाच्या टोकाकडून तो कधी आला मला दिसलंच नव्हतं. शेजारच्या कळपाचा राखणदार असावा. वाळूच्याच रंगाचा मळका अंगरखा, उकिडवा बसून एका करड्या बकरीच्या पायातली दोरी सोडवत होता. पाठ आमच्याकडे.

"हाजी, आदमी!" मी ओरडलो असं मला वाटलं. नंतर हाजींनी सांगितलं, की माझ्या तोंडातून नुसती हवा निघाली. रायफलची नळी हळूहळू डावीकडे सरकत होती. ते फळी शोधत होते. फळी त्यांना सापडत नव्हती, कारण ज्या जागी ते बघत होते तिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि त्या न दिसणाऱ्या जागेत तो माणूस बसला होता. वर्तुळ मात्र त्यांना छान दिसत असणार, त्याच्याभोवती अगदी साफ.

मी कसा हललो, मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की माझा डावा तळहात साइटच्या काचेवर होता, उजव्या हाताने मी नळी वर ढकलली होती, आणि बार उडाला. गोळी आभाळात गेली. कान बधिर झाले. मी वाळूत बसलो. तिकडे तो माणूस उठला, बकरी काखेत मारली, आमच्याकडे वळून हात वर करून सलाम केला आणि बांधाला वळसा घालून निघून गेला. त्याला काही कळलंच नव्हतं. हाजी पाखरं मारताहेत असं वाटलं असेल.

हाजींनी दोन्ही डोळे उघडून त्या दिशेला बघितलं. "वो किधर था?"

मी बोट दाखवलं.

मग त्यांनी डावा डोळा मिटला. उघडला. परत मिटला. मग बोल्ट काढून खिशात टाकला, रायफल माझ्या हातात दिली आणि गाडीची किल्लीही दिली. परतीच्या रस्त्यावर गाडी मी चालवली. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं, पण मी परत ट्रकच मोजत राहिलो.

पुढचे तीन आठवडे मी मेल्यात जमा होतो. कफीलच्या बंदुकीला हात घातला, म्हाताऱ्या माणसाला ढकललं, आणि आता त्याला डोळ्याचं कळलंय. म्हणजे तो फाइल काढून बघणार. एके दिवशी मंदूबचा, म्हणजे दुकानाची सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाचा, फोन आला: "तुझं ओळखपत्र आणि पासपोर्ट घेऊन ये." मी वैशालीला फोन करून सांगितलं, बॅगा काढ. मुलगी म्हणाली, "बाबा, वॉट हॅपन्ड?" मंदूबकडे गेलो तर इकाम्याचं नूतनीकरण होतं. हाजींनी आधीच सही केली होती. मी तिथंच खुर्चीत बसून पाणी मागितलं.

त्याच्या दोन दिवसांनी हाजी दुकानात आले. एकटेच, गाडी आता ड्रायव्हर चालवत होता. काचेच्या खोलीत बसले. मी गहवा ओतला.

"आँख का पर्दा में छेद है," ते म्हणाले. "बीचोबीच. डॉक्टर ने फोटो दिखाया. असली डॉक्टर ने."

मी पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"ऑपरेशन करेगा. बोला, ठीक होने का वादा नहीं करता. बोला, चार-पाँच महीना पहले आते तो बहुत अच्छा होता था, अभी देर हो गया." त्यांनी गहव्याचा घोट घेतला. "फिर पूछा, बीच में किसी ने जाँच नहीं किया? मैं बोला, कैसे नहीं किया? मेरा अपना आदमी है, हिंदुस्तानी, पुराना चश्मे वाला. उसने जाँच किया, तस्वीर बनवाया, पास किया. तब कुछ होता तो वो मेरे को बोलता. तुम लोग कागज देखता है, वो आँख देखता है." ते हसले. "डॉक्टर चुप हो गया."

त्या डॉक्टरपुढे ते माझी बाजू घेऊन भांडून आले होते. ते फाइल काढून बघायला आले नव्हते. ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तरी आयुष्यभर काही झालं नसतं. आणि एवढी भीती मला त्या बांधापाशीही वाटली नव्हती. मी कपाट उघडलं, फाइल काढली, तो कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हाजी, ये गोल आपने बनाया था."

"हाँ."

"बीच का ठिपका मैंने दिया. आपने नहीं दिया था. आपको तब भी नहीं दिखता था. मेरे को मालूम था."

त्यांनी कागद उचलून डाव्या डोळ्याजवळ धरला. बाहेर टायरवाल्याकडे कुणीतरी हातोडा मारत होतं.

"मालूम था?"

"हाँ, हाजी."

"तो बोला क्यों नहीं?"

"डर गया."

"किससे?"

"आपसे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पेलाही ठेवला. मला वाटलं, आता ते फैसलला हाक मारणार. मी मनातल्या मनात रिग्गईतल्या खोलीतली कपाटंही आवरायला घेतली. पण ते तसेच बसून राहिले, त्या डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत. रागावलेलं माणूस मला ओळखता येतं. ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच काहीतरी कळत नव्हतं, आणि ते विचारून घ्यायचं होतं.

"सोलह साल," ते म्हणाले. "सोलह साल में मैं कभी एक बार भी तेरे पे चिल्लाया?"

मी आठवून बघितलं. एखादा तरी प्रसंग सापडावा म्हणून अगदी पहिल्या दिवसापासून आठवून बघितलं.

"नहीं, हाजी," मी म्हणालो. "एक बार भी नहीं."